खंडोबापुढची हजेरी

मला फौजेत घेतलं नाही. उंची भरली, छाती फुगवून दाखवली तीही भरली. मग डॉक्टरने पाय ओले करून फरशीवर उभं केलं, ठसे बघितले आणि म्हणाला, तळपाय सपाट आहेत, जा घरी. पुढे याच तळपायांवर मी एका बँकेच्या दारात तीस वर्षं दुनळी बंदूक घेऊन उभा राहिलो. पाय दुखतात म्हणून एक दिवस रजा घेतली नाही. त्या डॉक्टरला हे कळवायचं तेवढं राहून गेलं.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे मी जे वागलो ते याच्याशिवाय कळायचं नाही.

आमची पोळ, म्हणजे जुन्या गुजराती शहरातली दाट घरांची गल्ली, लहरीपुऱ्याच्या दरवाज्यापासून चालत दहा मिनिटांवर. वीस-बावीस घरं, बहुतेक सगळी जुन्या संस्थानच्या पलटणीतल्या मराठी माणसांची. माझे आजोबा पागेत होते. घोडा मी बघितला नाही, पण त्याचा लगाम आमच्या भिंतीवर खुंटीला होता आणि दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. पोळीच्या टोकाला खंडोबाचं देऊळ. आत चार माणसं मावतात, बाकीच्यांनी ओट्यावर नाहीतर पायऱ्यांवर उभं राहायचं. दर रविवारी दिवेलागणीला तिथे आरती, आणि आरतीच्या आधी हजेरी.

हजेरी म्हणजे पलटणीत संध्याकाळी माणसं मोजत ना, तशीच. घरचा माणूस फौजेत बाहेर असला की देवापुढे त्याचं नाव पुकारायचं आणि त्याच्या घरच्याने "हजर" म्हणायचं. म्हणजे देवाला कळतं की हा आपल्यातला आहे, याला सांभाळायचा आहे. मग पुकारणारा त्या घरच्याच्या कपाळाला भंडारा लावतो आणि चिमूटभर भंडारा कागदाच्या पुडीत बांधून देतो. ती पुडी पत्रातून जवानाकडे जाते. आमच्या पोळीतल्या कुठल्या जवानाचा खिसा हळदीने पिवळा नव्हता असं कधी झालं नाही.

नियम कडक. घरच्यानेच उत्तर द्यायचं, दुसऱ्याने नाही. एकदा नाव पुकारलं की उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही, आरतीसुद्धा थांबते. आणि पुकारणाऱ्याने स्वतः कधी उत्तर द्यायचं नाही. माझे वडील म्हणत, हाक मारणाराच ओ द्यायला लागला तर ती हजेरी नाही, ती बडबड. मीही हे वाक्य दर रविवारी सुरुवातीला सगळ्यांना ऐकवायचो. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले असतील, पण नियम कोणी मोडला नाही.

वडिलांनंतर पुकारायचं काम माझ्याकडे आलं. चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही, पण यादीसाठी मला कागद लागला नाही. लढाईच्या वर्षांत वडिलांच्या तोंडून अठरा-अठरा नावं ऐकलेली आहेत, तीही क्रमाने, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. माझ्याकडे आली तेव्हा नऊ होती. मग पोळीत केबलच्या तारा आल्या, तोंडावर एसटीडीचा बूथ आला, पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली. माझा मुलगा मकरपुऱ्याला कारखान्यात सुपरवायझर झाला. त्याला भरतीला चल म्हटलं होतं तर म्हणाला, "बाबा, माझे पण पाय सपाटच आहेत." मी ओले करून बघितले नाहीत.

कारगिलच्या त्या उन्हाळ्यात यादीत तीन नावं उरली होती. ती मी इतकी सावकाश पुकारायचो की आमची ही म्हणायची, "अहो, तीनच आहेत ना? मालगाडी गेल्यासारखं काय लांबवता?"

पहिला होता एक सुभेदार, निवृत्तीला आलेला, आसामात. दुसरा रसद वाहून नेणाऱ्या गाड्यांवर ड्रायव्हर. तिसरा आमच्या शेजारच्या घरातला मुलगा, पायदळात, आणि तो वर डोंगरात होता जिथे गोळीबार चालला होता. त्याच्या आईला मी शेजारधर्माने वहिनी म्हणायचो. त्या लोकांनी वर्षभरापूर्वी तरसालीला फ्लॅट घेतला होता, पण दर रविवारी रिक्षा करून वहिनी हजेरीला यायची. कधी चुकली नाही. असली माणसं होती आमच्या पोळीत. मी आमची फुशारकी मारतोय असं वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

आता ज्या बाईसाठी हे लिहायला बसलो तिचं सांगतो.

पोळीच्या तोंडाशी एक खोली आहे, तिथे डभोईची एक गुजराती बाई भाड्याने राहायला आली होती. नवरा नव्हता. खाखरे लाटून विकायची. आम्ही सगळे तिला बेन म्हणायचो. तिला एकच मुलगा, सडपातळ, पहाटे मैदानावर धावायला जायचा. त्याला वाटेत विचारलं की हसायचा फक्त. एक दिवस भरतीच्या मेळाव्याला गेला आणि पहिल्या फटक्यात फौजेत लागला. आमच्या पोळीतले दोघे त्याच दिवशी गेले होते, ते दुपारी रसवंतीवर उसाचा रस पिऊन परत आले.

मला ते लागलं. ओट्यावर बसलो होतो, बेन खाखऱ्याचे डबे घेऊन चालली होती, तिला ऐकू जाईल असं म्हणालो, "गुजराती मुलगा फौजेत जाऊन काय करणार? कोठारात पीठ मोजत बसेल."

ती थांबली. डबे खाली ठेवले, पदर सारखा केला. "काका," ती म्हणाली, "पीठ पण कोणीतरी मोजायला जोईए ने."

आणि गेली. तिचं मराठी असंच होतं, अर्धं डभोईचं. आमचं गुजराती तरी कुठे धड आहे.

त्या मुलाने पीठ मोजलं नाही. प्रशिक्षण संपल्यावर त्यालाही डोंगरावर पाठवलं. टीव्हीवर रोज ते सुळके दाखवायचे, आणि पोळीत ज्याच्या घरी केबल त्याच्या घरी सगळे जमायचे. बेन उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून बघायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही. तीन आठवडे मुलाचं पत्र नव्हतं.

मग एका रविवारी हजेरीच्या आधी ती देवळाच्या खालच्या पायरीवर आली.

"काका, माझ्या दीकऱ्याचं नाव पण बोला ने."

मी म्हटलं, "बेन, ही यादी पलटणीची आहे."

"तो पण पलटणमध्येच छे."

"राजाच्या पलटणीची म्हणतो मी. आमच्या आजोबांच्या वेळची."

"राजा क्यां छे हवे, काका?"

मागे कोणीतरी फिस्कन हसलं. मला जास्तच राग आला. म्हटलं, यादीला डोकं आहे, शेपूट आहे, असं कोणीही येऊन मध्ये शिरत नाही.

"मध्ये नको," ती म्हणाली. "शेवटी बोला. मी हळू बोलीन हाजर. कोणाला त्रास नाही."

मी नाही म्हटलं. घंटा वाजवली आणि पहिलं नाव पुकारलं.

घरी जेवायला बसलो तेव्हा आमच्या हिने आमटी वाढता वाढता विचारलं, "का नाही म्हटलंत?"

"नियम आहे."

"तुम्हाला तळपाय बघून परत पाठवलं. तुम्ही तिच्या मुलाला आडनाव बघून परत पाठवलंत."

मी म्हटलं, आमटीत मीठ नाही.

"आहे," ती म्हणाली.

होतं.

पण मी बधलो नाही. बधणं आमच्या घरात नाही. बेनसुद्धा बधली नाही. दर रविवारी यायची, त्याच खालच्या पायरीवर उभी राहायची, डोक्यावर पदर. येताना खाखऱ्याचे तीन डबे आणायची, सुभेदाराच्या घरी एक, ड्रायव्हरच्या घरी एक, वहिनीला एक. पार्सलात घाला म्हणायची, दोन महिने मऊ पडत नाहीत. चौथा डबा सोमवारी ती स्वतः टपालात टाकून यायची. डब्याचे पैसे कोणी पुढे केले तर हात पाठीमागे न्यायची. आणि मी तिसरं नाव पुकारलं, वहिनीने "हजर" म्हटलं, की मग आरतीची घंटा वाजण्याआधी तिचे ओठ हलायचे. मी देवाकडे तोंड करून उभा असतो, पण बँकेच्या दारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला न वळता मागचं दिसतं.

असे दोन-तीन रविवार गेले. मग तो रविवार.

सकाळपासून टीव्हीवर एका सुळक्याची बातमी होती. किती गेले ते नीट सांगत नव्हते. संध्याकाळी देवळापुढे नेहमीपेक्षा जास्त माणसं. वहिनी आलेली नव्हती. सुभेदाराची बायको म्हणाली, "काका, तरसालीहून यायचं आहे तिला. रस्त्यात वरात-बिरात असेल. जरा थांबा."

मी म्हटलं, "हजेरी दिवेलागणीला होते. ती माणसांसाठी थांबत नाही."

हे मी का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. पाच मिनिटं थांबलो असतो तर देव काही रागावला नसता. पण मी ते वडिलांचं वाक्य सगळ्यांना ऐकवलं, घंटा दिली आणि सुरू केलं. पहिलं नाव, हजर. दुसरं नाव, हजर. तिसरं नाव मी पुकारलं, मोठ्याने, मालगाडीसारखं लांबवून.

उत्तर नाही.

पुकारलेलं नाव परत घेता येत नाही. पुढे जाता येत नाही. आमच्या पोळीत इतक्या वर्षांत असं झालेलं नव्हतं, कारण कोणीतरी घरचं असायचंच. त्या दिवशी त्या घरचं एक माणूस तिथे नव्हतं, आणि मुलगा तिकडे त्या सुळक्याखाली. निरांजन जळत होतं. कापूर माझ्या हातात तसाच. ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या बापाने डोळे मिटले. प्रत्येकाच्या मनात एकच होतं आणि ते कोणी बोलणार नव्हतं. माझे हे सपाट पाय मी फरशीवर दाबून धरले.

"हाजर छे."

खालच्या पायरीवरून. हळू नाही, खणखणीत, स्वतःच्या घरातून ओ द्यावी तसं.

मी वळलो. म्हटलं, "बेन, तो तुमचा कोण?"

"एनी मां रस्त्यात हशे, काका. ती येईपर्यंत कोणीतरी बोलायला जोईए ने? देवाला उभा ठेवायचा का?"

"घरच्यानेच बोलायचं असतं."

"तर मग तुम्ही थांबायचं होतं," ती म्हणाली.

तिच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी तिथेच हट्टाने उभा. हे चालत नाही म्हटलं. लोक माझ्याकडे बघतायत, मी देवाकडे. तेवढ्यात पोळीच्या तोंडाकडून धावत पावलं आली. वहिनी. एक चप्पल पायात, एक हातात. तिने सगळी गर्दी गप्प बघितली, माझ्या हातातला न पेटवलेला कापूर बघितला, आणि तिने भिंतीला हात टेकला. तिला काय वाटलं असेल ते लिहीत नाही. ते माझ्यामुळे वाटलं.

सुभेदाराच्या बायकोने पटकन सांगितलं, "काही नाही, काही नाही. नाव पुकारून झालं. तू नव्हतीस, बेनने हजेरी दिली."

वहिनीने हातातली चप्पल टाकली, पायातली काढली. मग खालच्या पायरीशी गेली, बेनचा हात धरला आणि तिला ओढत वर माझ्यापुढे आणलं.

"भाऊजी," मला म्हणाली, "हजेरी दिलीय ना तिने? मग भंडारा लावा तिला आणि आरती सुरू करा."

"वहिनी, नियम—"

"माझ्या मुलाचं नाव आहे. मी सांगते, लागली हजेरी."

मी भंडारा घेतला आणि बेनच्या कपाळाला लावला. पिठाचा वास येत होता तिला, भाजक्या गव्हाचा. मग चिमूटभर पुडीत बांधला. पुडी द्यायला हात पुढे केला, तर तिचाही हात पदराखालून थोडा बाहेर आला. मग तिला आठवलं की ही पुडी तिच्या मुलाची नाही. तिने हात परत पदराखाली नेला. मी पुडी वहिनीला दिली.

तो हात मी बघितला. दुसऱ्या कोणी बघितला नसेल.

त्या आठवड्यात मी तिच्या मुलाचं नाव तोंडात बसवलं. आमच्याकडे तसली नावं नसतात, आणि पुकारायचं नाव अडखळून चालत नाही. न्हाणीघरात, भाजी आणायला जाताना, पुटपुटत राहायचो. हिने ऐकलं एकदा, नुसती हसली, आणि त्या दिवशी वरणात तूप जास्त पडलं. बेनला मात्र मी सांगितलं नाही. रोज तिच्या दारावरून जात होतो. सांगायला दोन शब्द लागले असते. पण ते माफी मागितल्यासारखं झालं असतं आणि माझी जीभ तिकडे वळत नव्हती. म्हटलं, रविवारी तिच्या कानावर पडेलच. दर रविवारी येते ती.

त्या रविवारी ती आली नाही.

पायरी रिकामी बघून मी थांबलो. या खेपेस खरंच थांबलो, सगळे माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागले. मग कोणीतरी म्हणालं की बेन एसटीडीच्या बूथवर बसली आहे. दुपारी तिच्यासाठी लांबून फोन आला होता, लाइन तुटली, परत करतो म्हणाले. कोण बोललं ते बूथवाल्याला कळलं नाही. हिंदीत बोलत होता म्हणाला, तिचा मुलगा की कोणी साहेब, देव जाणे. तेव्हापासून ती तिथल्या स्टुलावर बसून होती.

साहेबाचा फोन कशासाठी येतो हे आमच्या पोळीला समजावून सांगावं लागत नाही.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी जाऊन बसते तिच्याजवळ. माझं नाव आधी घ्या." ड्रायव्हरच्या बापाने मान हलवली, घ्या म्हणाला. क्रम मोडून मी तिसरं नाव पहिलं पुकारलं, वहिनीने हजर म्हटलं आणि बूथकडे गेली. मग बाकीची दोन झाली. आता आरतीची घंटा द्यायची. सगळ्यांनी हात जोडले.

मी चौथं नाव पुकारलं.

अडखळलो नाही. लांबवलं, जितकं आजवर कुठलं लांबवलं नव्हतं. आणि संपल्यावर तेच, उत्तर नाही. घरचं माणूस बूथवर. नाव हवेत. मागच्या रविवारची ती शांतता परत आली, आणि या वेळी ती मी आणली होती, दोन शब्द न बोलल्यामुळे. सांगितलं असतं तर तिने फोनजवळ कोणाला तरी बसवून उत्तर द्यायला धाव घेतली असती, किंवा काहीतरी केलं असतं. मी खालच्या पायरीकडे बघितलं. मग आमच्या हिच्याकडे. ती माझ्याकडेच बघत होती.

"हजर," मी म्हटलं.

मी कापूर पेटवला. आरती म्हटली.

आरती संपून ताट फिरत होतं तेव्हा दोघी आल्या. वहिनीने बेनच्या खांद्यावर हात ठेवला होता, दोघींचे डोळे सुजलेले. मुलगाच होता फोनवर. आधी त्याच्यासाठी कोणा हवालदाराने लावून दिला होता, मग लाइन मिळाल्यावर तो स्वतः बोलला. हॉस्पिटलात होता. बर्फाने उजव्या पायाची दोन बोटं गेली होती, बाकी धड. खाखरे पोचले म्हणाला, सगळ्या तुकडीने खाल्ले म्हणाला.

सुभेदाराच्या बायकोला राहवलं नाही. "बेन, आज काकांनी तुझ्या मुलाचं नाव पुकारलं. आणि तू नव्हतीस तर स्वतःच हजर म्हणाले."

बेनने माझ्याकडे बघितलं. पदराने नाक पुसलं.

"काका," ती म्हणाली, "ए तो बडबड कहेवाय ने?"

सगळी पोळ हसली. ड्रायव्हरचा बाप तर खोकेपर्यंत हसला. माझ्या वडिलांचं वाक्य, खालच्या पायरीवर उभं राहून पाठ केलेलं. मला त्या क्षणी त्या बाईचा जो अभिमान वाटला तो मला माझ्या मुलाचाही कधी वाटला नव्हता, हे मी त्याला वाचायला देणार आहे.

"बडबडच होती," मी म्हटलं. "खालून वर या. परत पुकारतो. नीट उत्तर द्या."

आरतीनंतर हजेरी कधी झाली नव्हती. त्या दिवशी झाली. मी देवाकडे तोंड केलं आणि नाव पुकारलं, आणि माझ्या शेजारून, ओट्यावरून, ती म्हणाली, "हाजर छे." मी भंडारा लावला. पुडी सकाळीच बांधून खिशात ठेवली होती, ती काढून दिली.

तिने ती दोन बोटांत धरून बघितली. "आ तो भीनी थई गई, काका."

माझ्या घामाने कागद ओला झाला होता, हळद बाहेर आली होती.

"द्या इकडे," मी म्हटलं. "दुसरी बांधतो."